घरपट्टी : आकारणी व अपील

घरपट्टी : आकारणी व अपील. इमारती व जमिनी यांवर स्थानिक स्वराज्य संस्था जो कर बसवितात, त्यास बोलीभाषेत घरपट्टी आणि कायद्याच्या भाषेत मालमत्ता कर असे म्हणतात. या कराची रक्कम ज्या मूल्यावर काढली जाते ते मूल्य, घराचे मोजमाप, त्याचा वापर किंवा करदात्याची जबाबदारी यांविषयी वाद उद्भवल्यास मालकाला अथवा भोगवटादाराला प्रथम हरकत घेण्याचा व नंतर अपील करण्याचा हक्क असतो. मालमत्ता कर हा उत्पन्नावर नसून वस्तूच्या मूल्यावर असतो आणि ते मूल्य कर घेणारी संस्थाच किंवा तिच्या वतीने नेमलेला अधिकारी ठरवितो. त्यामुळे हरकतीचा हक्क हा या करपद्धतीचा अविभाज्य भाग मानला जातो. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील नगरपरिषदांच्या क्षेत्रातील आकारणी व अपील यांचे विवेचन केले असून रायगड जिल्ह्यातील पेण व रोहे या दोन गावांच्या संदर्भाने ते स्पष्ट केले आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : घरांवरील कर भारतात प्राचीन असून मराठी अंमलातील कागदपत्रांत घरपट्टी, मोहतर्फा इ. नावांनी त्याचे उल्लेख येतात. मात्र घराचे मूल्य ठरवून त्यावर ठराविक दराने कर घेण्याची आधुनिक पद्धत इंग्रजी राजवटीत रूढ झाली. तिचे मूळ इंग्लंडमधील गरीब साहाय्याच्या १६०१ च्या कायद्यात आहे. ‘एखादे घर वर्षभरासाठी भाड्याने दिले असता वाजवीपणे किती भाडे येईल’ ही मूल्याची कसोटी तेथील १८३६ च्या कायद्याने निश्चित केली आणि तीच पुढे भारतीय कायद्यांत उतरली. कंपनी सरकारने बनारस येथे घरांवर कर लादण्याचा प्रयत्न केला, तेव्हा १८१०-११ मध्ये तेथील रहिवाशांनी व्यवहार बंद ठेवून त्यास विरोध केला व अखेर सरकारला तो कर मागे घ्यावा लागला. त्या काळी कराविरुद्ध दाद मागण्याचा सामूहिक हरताळाखेरीज फारसा मार्ग नव्हता. पुढे नगरपालिका कायद्यांनी प्रत्येक घरमालकास व्यक्तिशः हरकत घेण्याचा मार्ग उपलब्ध करून दिला, हा या कायद्यांतील महत्त्वाचा बदल होय.

मुंबई इलाख्यात १८५० च्या सव्विसाव्या अधिनियमाने रहिवाशांच्या मागणीवरून गावात नगरपालिका स्थापण्याची सोय झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील (१ जानेवारी १९८१ पासून रायगड जिल्हा) पेण, रोहे, अलिबाग, महाड इ. गावी नगरपालिका अस्तित्वात आल्या. १८७३ व १८८४ चे कायदे, मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९०१ आणि मुंबई नगरपालिका बरो अधिनियम, १९२५ यांनी करविषयक तरतुदी अधिकाधिक तपशीलवार होत गेल्या. १९०१ च्या अधिनियमात करबिलाविरुद्धचे अपील दंडाधिकाऱ्यापुढे चालत असे. राज्य पुनर्रचनेनंतर महाराष्ट्राच्या निरनिराळ्या विभागांतील भिन्न कायदे एकत्र करून १९६५ चा अधिनियम करण्यात आला. तो आज ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या नावाने ओळखला जातो. पेण नगरपरिषद आणि रोहा अष्टमी नगरपरिषद या दोन्हींचा कारभार याच अधिनियमाखाली चालतो.

घटनात्मक आधार : कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही, असे संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. जमिनी व इमारती यांवरील कर हा सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीचा विषय (नोंद ४९) असून १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेल्या २४३ भ अनुच्छेदानुसार राज्य विधिमंडळ नगरपालिकांना कर बसविण्याचा अधिकार देऊ शकते. २६५ व्या अनुच्छेदाचा व्यावहारिक अर्थ असा, की कर बसविण्याचा अधिकार असणे पुरेसे नाही. कायद्याने घालून दिलेली यादी, नोटीस, सुनावणी व प्रमाणन ही कार्यपद्धतीही पाळली गेली पाहिजे. अनेक वादांत मालकाची बाजू मूल्यापेक्षा कार्यपद्धतीतील त्रुटीवरच अधिक भक्कम ठरते.

कराचे घटक : नगरपरिषदेच्या बिलावर एकच रक्कम दिसत असली, तरी तीत अनेक बाबी मिळालेल्या असतात. सामान्य कर, सर्वसाधारण पाणीपट्टी, दिवाबत्ती कर व सर्वसाधारण स्वच्छता कर यांचा मिळून एकत्रित मालमत्ता कर होतो. याशिवाय नळजोडणी असल्यास विशेष पाणीपट्टी, १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखालील वृक्ष उपकर आणि १९६२ च्या अधिनियमानुसार राज्य शासनाच्या वतीने वसूल होणारा शिक्षण उपकर ह्या रकमा त्याच बिलात दाखविल्या जातात. रोजगार हमी उपकर मात्र केवळ बिगरनिवासी मालमत्तेवर असतो. राहत्या घराच्या बिलात तो दिसल्यास घराची वर्गवारी चुकली आहे, असे समजण्यास हरकत नाही. म्हणून बिलातील एकूण आकड्याऐवजी त्याचे घटक वेगवेगळे पाहणे, ही कोणत्याही हरकतीची पहिली पायरी होय.

करयोग्य मूल्य : आकारणीची परंपरागत पद्धत वार्षिक करयोग्य मूल्यावर आधारलेली आहे. घर वर्षानुवर्षे भाड्याने दिले असता जे वार्षिक भाडे वाजवीपणे अपेक्षिता येईल, त्यातून दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य निघते. ही वजावट दुरुस्ती व इतर सर्व खर्चांबद्दलची ठोक वजावट असते. मालक स्वतः घरात राहत असला, तरी कल्पनेने एक भाडेकरू गृहीत धरून भाडे ठरविले जाते. व्यवहारात नगरपरिषद गावाचे विभाग पाडून प्रत्येक विभागात बांधकामाचा प्रकार (आर. सी. सी., विटा-सिमेंट, विटा-माती, कौलारू, पत्र्याचे इ.) आणि वापर यांनुसार दर चौ. मी. ला मासिक भाड्याचे दर ठरविते व क्षेत्रफळाशी त्यांचा गुणाकार करते.

समजा, एका राहत्या घराचे क्षेत्रफळ यादीत ६० चौ. मी. नोंदले असून भाड्याचा दर दरमहा चौ. मी. ला ३० रु. व कराचा एकूण दर करयोग्य मूल्याच्या २५ टक्के आहे. वार्षिक भाडे २१,६०० रु., दहा टक्के वजा जाता करयोग्य मूल्य १९,४४० रु. आणि कर ४,८६० रु. होईल. प्रत्यक्षात उघड्या अंगणाचा भाग चुकून बांधकामात धरला गेला असून खरे क्षेत्रफळ ४८ चौ. मी. च आहे, असे सिद्ध झाल्यास करयोग्य मूल्य १५,५५२ रु. व कर ३,८८८ रु. होतो. वर्षाचा फरक ९७२ रु. म्हणजे किरकोळ वाटतो; परंतु आकारणीची यादी सामान्यतः चार वर्षे कायम राहत असल्याने एकूण जादा भरणा ३,८८८ रु., म्हणजे योग्य करानुसार पूर्ण एका वर्षाच्या घरपट्टीइतका होतो. शिवाय पुढील यादी बहुधा आधीच्या नोंदींवरून तयार होत असल्याने दुरुस्त न झालेली चूक पुढे चालूच राहते. (उदाहरणातील दर केवळ हिशेब स्पष्ट करण्यासाठी घेतले आहेत.)

भांडवली मूल्य : २०१० मधील सुधारणांनी राज्यातील नागरी संस्थांना भाड्याऐवजी मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर कर बसविण्याचा पर्याय दिला. यात मुद्रांक शुल्कासाठी शासनाने प्रसिद्ध केलेल्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (व्यवहारात रेडी रेकनर) दर आधारभूत धरून बांधकामाचा प्रकार, वय व वापर यांनुसार भारांक लावले जातात. बृहन्मुंबई महानगरपालिकेने १ एप्रिल २०१० पासून ही पद्धत स्वीकारली. तेथील नियमांपैकी काही नियम उच्च न्यायालयाने रद्द ठरविले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. मालमत्ता आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीतील मूल्यच विचारात घेतले पाहिजे, तिच्या भावी विकासक्षमतेवर आज कर घेता येणार नाही, हे या निर्णयाचे सार होय. ज्या गावांत जमिनीचे भाव झपाट्याने वाढत आहेत, त्या गावांतील जुन्या घरांच्या मालकांना या तत्त्वाचे विशेष महत्त्व आहे.

भाडे नियंत्रण व करयोग्य मूल्य : भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या ठिकाणी घराचे वाजवी भाडे कोणते, हा प्रश्न दीर्घकाळ वादग्रस्त राहिला. गुंटूर नगरपरिषदेच्या प्रकरणात (१९७०) आणि पुढे दिवाण दौलतराय कपूर विरुद्ध नवी दिल्ली नगर समिती (१९७९) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले, की कायद्याने जेवढे भाडे घेता येते त्याहून अधिक भाडे ‘वाजवीपणे अपेक्षित’ असू शकत नाही. म्हणून प्रमाणभूत भाडे ही मूल्याची कमाल मर्यादा होय. डॉ. बलबीर सिंग यांच्या प्रकरणात (१९८४) हे तत्त्व मालकाच्या स्वतःच्या वापरातील घरांच्या संदर्भातही तपशीलाने मांडले गेले. तथापि २००२ च्या इंडिया ऑटोमोबाइल्स प्रकरणात, नगरपालिका कायद्यातच अन्य कायद्यांना न जुमानता मूल्य ठरविण्याची स्पष्ट तरतूद असेल, तर हे बंधन राहत नाही असा निर्णय झाला. तात्पर्य, जुन्या निर्णयाचा आधार घेण्यापूर्वी संबंधित कायद्याची शब्दरचना पाहणे आवश्यक असते.

आकारणीची कार्यपद्धती : नगरपरिषदेची कर आकारणीची यादी साधारणतः दर चार वर्षांनी नव्याने केली जाते, तिला ‘चतुर्थ वार्षिक फेरआकारणी’ म्हणतात. मधल्या वर्षांत आवश्यक ते फेरफार करून तीच यादी चालू ठेवता येते. मुख्याधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली घरोघर मोजणी होते. यादीत रस्ता किंवा आळी, मालमत्ता क्रमांक, मालक व भोगवटादार यांची नावे, बांधकामाचे वर्णन, क्षेत्रफळ, वापर, मूल्य व कराची रक्कम नोंदविली जाते. ही यादी नंतर प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकाऱ्याकडे जाते. हा अधिकारी बहुधा राज्याच्या नगररचना व मूल्यनिर्धारण खात्यातील असतो. नगरपरिषदेच्या उत्पन्नात त्याचे स्वतःचे हित नसावे, हा त्यामागील हेतू आहे.

यानंतर यादी जनतेस पाहण्यासाठी खुली ठेवून जाहीर नोटीस दिली जाते. मालक, भोगवटादार अथवा त्यांचे प्रतिनिधी यांना ती पाहता येते व तिच्यातील उतारे घेता येतात. ज्यांच्या मालमत्तेची आकारणी प्रथमच होत आहे किंवा वाढली आहे, त्यांना व्यक्तिशः लेखी नोटीस देणे आवश्यक असते. नोटिशीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकती स्वीकारून प्राधिकृत अधिकारी सुनावणी घेतो, आपला निर्णय यादीत नोंदवितो आणि सर्व हरकती निकालात निघाल्यावर यादी प्रमाणित केली जाते. प्रमाणित यादी ही कराच्या देयतेचा निर्णायक पुरावा मानली जाते. त्यानंतर तयार होणारे बिल हे यादीचे केवळ फलित असते. बहुसंख्य घरमालक बिल हाती पडल्यावरच प्रथम विचार करू लागतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र वादाची खरी वेळ तोपर्यंत निघून गेलेली असते.

हरकतीची कारणे : मान्य होण्यासारख्या हरकती स्थूलमानाने पुढील प्रकारच्या असतात. (१) मोजमापातील चूक : कोकणातील जुन्या घरांत ओटी, पडवी, माजघर, पोटमाळा, न्हाणीघर व खळे असे भाग असतात. यांपैकी बंदिस्त व राहण्यायोग्य भाग कोणता आणि उघडा भाग कोणता, यावर क्षेत्रफळ अवलंबून असते. पोटमाळ्यास पूर्ण मजला धरणे किंवा उघड्या पडवीस खोली मानणे, ह्या नेहमी आढळणाऱ्या चुका होत. (२) बांधकामाचा प्रकार व वय : दर्शनी भाग सिमेंटचा केलेल्या विटा-मातीच्या घराची नोंद पक्क्या बांधकामात होणे, घसाऱ्याचा विचार न होणे. (३) वापराची वर्गवारी : राहत्या घराचा छोटा भाग दुकान किंवा कारखाना म्हणून वापरात असल्यास तेवढ्याच भागास बिगरनिवासी दर लागू होणे योग्य ठरते. (४) भाड्याचा किंवा मूल्याचा दर : शेजारच्या तशाच घरांपेक्षा अधिक दर लावला जाणे. (५) व्यक्तीविषयक चूक : मृत मालकाचे नाव कायम राहणे, वाटणी झालेल्या घराची दुहेरी आकारणी होणे, दुसऱ्याच्या मालमत्तेची नोंद आपल्या नावे होणे इत्यादी. (६) कालविषयक चूक : बांधकाम पूर्ण होण्यापूर्वीच्या काळापासून आकारणी करणे अथवा पडलेल्या घराची नोंद तशीच चालू ठेवणे. (७) सूट अथवा सवलत नाकारली जाणे, उदा., राज्य शासनाने २०२० मध्ये माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा यांना दिलेली मालमत्ता करातील सूट.

याउलट काही कारणे आकारणीच्या सुनावणीत ग्राह्य धरली जात नाहीत. कराचा दर जास्त आहे, ही तक्रार त्यांपैकी एक होय. दर ठरविण्याचा प्रस्ताव नगरपरिषद स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते व त्यावर नागरिकांच्या हरकती मागविते. दराविषयीचा आक्षेप त्याच वेळी घ्यावा लागतो. रस्ता नाही, गटार नाही किंवा पाणी अपुरे आहे, ही तक्रार न्याय्य असली तरी तीमुळे सामान्य कर कमी होत नाही. कारण कर हा विशिष्ट सेवेचा मोबदला नसतो. हा कर आणि शुल्क यांतील मूलभूत भेद होय. मालकाची आर्थिक अडचण हेही मूल्य कमी करण्याचे कारण ठरत नाही. अन्य शहरांतील सवलतीही आपोआप लागू होत नाहीत. बृहन्मुंबईत ५०० चौ. फुटांपर्यंतच्या निवासी घरांना २०२२ पासून मिळालेली सूट पेण किंवा रोहे येथील घरमालकास मागता येत नाही.

पुरावा : हरकत यशस्वी होण्यासाठी नुसते ‘कर जास्त आहे’ असे लिहिणे पुरेसे नसते. मागील व नवीन आकारणीचे उतारे, नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक, मंजूर नकाशा व बांधकाम पूर्णतेचा दाखला, मोजमापाचा आराखडा, भाडेकरार किंवा भाडेपावत्या, घराच्या स्थितीची छायाचित्रे आणि शेजारच्या सदृश घरांच्या आकारणीचे उतारे ही साधने उपयोगी पडतात. यांपैकी शेवटचे साधन सर्वांत प्रभावी असते. कारण यादी सर्वांना पाहण्यास खुली असल्याने समान घरांवर असमान आकारणी झाल्याचे तिच्याच आधारे दाखविता येते. मोजमापाविषयी वाद असल्यास प्रत्यक्ष जागेच्या फेरमोजणीची मागणी करावी. अर्जाची पोच तारखेसह घेणे आवश्यक असते. पुढे अपिलाच्या वेळी हरकत मुदतीत घेतली होती, हे त्याच पोचेवरून सिद्ध होते.

अपील : प्राधिकृत अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास बिलातील मागणीविरुद्ध अपील करता येते. १९६५ च्या अधिनियमाच्या मूळ योजनेत जुन्या कायद्याप्रमाणेच हे अपील दंडाधिकाऱ्यापुढे चालत असे. पुढील सुधारणेने त्याऐवजी मालमत्ता कर अपील समितीची तरतूद करण्यात आली. या समितीत शासकीय अधिकाऱ्यांबरोबर परिषदेचे निर्वाचित पदाधिकारीही असतात. अपील दाखल करून घेण्यासाठी पूर्वापार तीन अटी चालत आल्या आहेत : बिल सादर झाल्यापासून कायद्याने ठरविलेल्या मोजक्या दिवसांत अपील केले पाहिजे, आकारणीच्या नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत घेतलेली असली पाहिजे, आणि बिलात मागितलेली रक्कम नगरपरिषदेच्या कार्यालयात भरलेली असली पाहिजे. या तीन अटींपैकी एकही पुरी न झाल्यास अपिलाच्या गुणावगुणांचा विचारच होत नाही.

यांतील रक्कम भरण्याच्या अटीवर वारंवार टीका झाली आहे. ज्याला कर परवडत नाही, त्यालाच तो आधी भरावा लागतो, असा आक्षेप घेतला जातो. उलटपक्षी, अपील प्रलंबित असताना वसुली थांबली तर सफाई, दिवाबत्ती व पाणीपुरवठा ही रोजची कामे चालविणे लहान नगरपरिषदांना अशक्य होईल, असा या अटीमागील युक्तिवाद आहे. अपील मंजूर झाल्यास जादा भरलेली रक्कम परत मिळते अथवा पुढील बिलात वळती होते. रक्कम न भरता थांबणे तसेही हितावह नसते. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागू होत असल्याने वर्षभरात मूळ रकमेत जवळजवळ चतुर्थांशाची भर पडते.

आकारणीविषयीचे आक्षेप अधिनियमात सांगितलेल्या मार्गानेच घेता येतात. त्यासाठी दिवाणी दावा सामान्यतः चालत नाही. मात्र नोटीसच न देणे, सुनावणी नाकारणे किंवा अधिकार नसताना कर बसविणे यांसारख्या मूलभूत दोषांच्या बाबतीत संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयाकडे दाद मागता येते. महानगरपालिकांच्या क्षेत्रात अपिलाची व्यवस्था वेगळी असून बृहन्मुंबईत ते लघुवाद न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशापुढे चालते.

पेण व रोहे : भोगावती नदीकाठचे पेण हे गणेशमूर्तींसाठी सर्वत्र प्रसिद्ध आहे. तेथील अनेक घरांतून मूर्तिकाम चालते. ओटी, पडवी किंवा मागील शेड यांत साचे, माती, रंग व अर्धवट मूर्ती ठेवलेल्या असतात आणि त्याच घरात कुटुंबही राहते. अशा घराची नोंद संपूर्ण बिगरनिवासी झाल्यास दर वाढतो व रोजगार हमी उपकरही लागू होतो. याउलट मोठ्या कारखान्यास राहते घर म्हणून दाखविल्यास नगरपरिषदेचे नुकसान होते. म्हणून मोजणीच्या वेळी राहण्याचा भाग व कामाचा भाग वेगवेगळा दाखवून घेणे, ही येथील घरमालकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरते. मुंबई-गोवा महामार्ग, पनवेल व नवी मुंबई यांचे सान्निध्य यांमुळे पेणमध्ये जुन्या वाड्यांशेजारी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. एकाच आळीत दोन्ही प्रकारची घरे असताना विभागाचा एकच दर लावल्यास जुन्या कौलारू घरावर अन्याय होण्याचा संभव असतो.

रोहे हे कुंडलिका नदीवर वसलेले असून नदीपलीकडील अष्टमी गावासह त्याची एकच नगरपरिषद आहे. कोकण रेल्वेचा प्रारंभ येथून होतो आणि जवळच धाटाव येथे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे. वसाहतीतील नोकरवर्गामुळे भाड्याच्या घरांना मागणी असते. प्रत्यक्ष भाडे हा करयोग्य मूल्याचा चांगला पुरावा असला, तरी कंपनीने आपल्या अधिकाऱ्यासाठी दिलेले विशेष भाडे शेजारच्या सर्व घरांना मोजपट्टी म्हणून लावता येत नाही. पूर आणि वादळ हा या भागातील आणखी एक प्रश्न होय. ३ जून २०२० रोजीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात असंख्य घरांची छपरे उडाली. अशा घरांचे पंचनामे महसूल यंत्रणा करते. परंतु त्यावरून नगरपरिषदेच्या यादीतील नोंद आपोआप बदलत नाही. घर पडल्याचे किंवा त्याचा भाग निरुपयोगी झाल्याचे मालकाने नगरपरिषदेस लेखी कळवून यादीत फेरफार करून घ्यावा लागतो. तसे न केल्यास उभ्या नसलेल्या भिंतींवरही कराची मागणी होत राहते.

ग्रामपंचायत क्षेत्र : पेण तालुक्यातील हमरापूर, जोहे किंवा रोहे तालुक्यातील धाटाव, नागोठणे यांसारख्या गावांतील घरांना नगरपरिषदेचा कायदा लागू नसून तेथे १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम व १९६० चे कर व फी नियम लागू आहेत. क्षेत्रफळावर आधारलेल्या जुन्या पद्धतीस न्यायालयात आव्हान दिले गेल्यानंतर ३१ डिसेंबर २०१५ रोजी नियमांत सुधारणा होऊन भांडवली मूल्यावर आधारित पद्धत आली. तीत जमिनीचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचा दर, इमारतीच्या वयानुसार घसारा आणि वापराचा भारांक यांवरून मूल्य काढून त्यावर कर घेतला जातो. आकारणीची नोंद नमुना ८ मध्ये असते. तिच्याविरुद्ध पंचायत समितीकडे आणि पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते. कारखान्यांच्या बाबतीत करांऐवजी ठोक अंशदान घेण्याची तरतूदही या अधिनियमात आहे.

काही रूढ गैरसमज : घरपट्टीची पावती हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे. यादीतील नाव कराच्या जबाबदारीपुरते असते. मालकी ठरविण्याचा अधिकार नगरपरिषदेस नाही. त्याचप्रमाणे अनधिकृत बांधकामावर कर व शास्ती घेतली गेल्याने ते बांधकाम नियमित ठरत नाही. हरकत घेतल्यास अधिकारी रुष्ट होऊन कर वाढवितील, ही भीतीही अनेकांना अर्ज करण्यापासून परावृत्त करते. परंतु नव्याने वाढ करावयाची झाल्यास पुन्हा नोटीस व सुनावणी देणे कायद्याने बंधनकारक आहे.

अन्य पद्धती : मूल्यनिर्धारणातील वाद कमी करण्यासाठी ठिकठिकाणी निरनिराळे उपाय योजले गेले. पाटण्यात १९९३ मध्ये रस्त्याची रुंदी, बांधकामाचा प्रकार व वापर या सहज पडताळता येणाऱ्या बाबींवर आधारित दर लागू करण्यात आले व सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ते वैध ठरविले. दिल्लीत २००४ पासून मालकाने स्वतःच आकारणी करावयाची क्षेत्रघटक पद्धत आली. इंग्लंडमध्ये राहत्या घरांवरील भाडेमूल्याधारित पट्टी १९९० मध्ये बंद होऊन १९९३ पासून घरांचे मूल्यगट पाडून कर घेतला जातो आणि वाद स्वतंत्र मूल्यांकन न्यायाधिकरणापुढे चालतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वाढत्या मूल्यनिर्धारणाविरुद्धच्या असंतोषातून १९७८ मध्ये जनमताने वार्षिक वाढीवर घटनात्मक मर्यादा घातली गेली.

मूल्यमापन : कोणत्याही पद्धतीत घराचे मूल्य हा अखेर एक अंदाजच असतो. हजारो घरांची मोजणी थोड्या काळात करताना चुका होणे अपरिहार्य आहे. त्या दुरुस्त करण्याचे साधन म्हणूनच कायद्याने यादी खुली ठेवली आहे. महाराष्ट्रातील व्यवस्थेचे मुख्य वैगुण्य तरतुदींच्या अभावात नसून मुदतींच्या अल्पतेत व त्यांविषयीच्या अज्ञानात आहे. नोकरीनिमित्त मुंबईत राहणारा मालक, घरात एकटी राहणारी वृद्ध विधवा किंवा कामाच्या हंगामात गुंतलेला मूर्तिकार यांच्यापर्यंत जाहीर नोटीस बहुधा पोहोचत नाही आणि हरकतीची मुदत टळली, की अपिलाचा मार्गही व्यवहारतः बंद होतो. मोजणीच्या तक्त्याची प्रत मालकास जागेवरच देणे, यादी आळीनिहाय लावणे, नोटिशीत मूल्याचा हिशेब दाखविणे आणि अपिलाचा निर्णय सकारण व लेखी देणे एवढ्या गोष्टी घडल्या, तरी वादांची संख्या पुष्कळ कमी होईल. योग्य आकारणीत नगरपरिषदेचेही हित असते. कारण जो कर समानतेने बसविला आहे, अशी नागरिकांची खात्री असते, तोच कर सुखासुखी वसूल होतो.